७४६च्या सीटखाली

बोईसर,
१४ जुलै २०२४

बळ्या,

दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्या वयात तीन वर्षांनी पत्र आलं की माणूस आधी शेवटची ओळ वाचतो, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. फोन केला असता. पण तुझे कान विमानांच्या इंजिनांनी खाल्लेले. मी बोईसरला ओरडायचं, ते पालघरपर्यंत ऐकू जायचं आणि बिदरला तू नुसता "हॅलो, हॅलो" करत बसायचास. त्यापेक्षा पोस्टाचं पाकीट बरं.

तर काम असं. आमच्या इथल्या कॉलेजने एक विमान आणलंय. खरं विमान, हसू नकोस. आपण दोघे बिदरच्या तळावर होतो तेव्हाचं, दोन सीटचं, पुढे पंखा असलेलं शिकाऊ विमान. आपलं एचटी-टू! विदर्भातल्या कुठल्याशा संस्थेच्या शेडमध्ये पंचवीस वर्षं धूळ खात पडलं होतं. धड वेगळं, पंख वेगळे, असं ट्रकवर घालून आणलं. चौथरा अजून ओला आहे म्हणून तूर्त ते सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उभं आहे आणि पोरं त्याच्या शेपटीला स्कूटी टेकवतात.

आता माझा पराक्रम ऐक. ते ट्रकवरून उतरताना बघायला ही गर्दी. त्यात मी आणि माझी नात उन्नती. तू तिला पाहिलंस तेव्हा रांगत होती. आता बारावी झाली. पायलट व्हायचंय म्हणते, एनडीएची लेखी परीक्षा पासही झाली. तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही असंच विमान चालवायचात ना?" यावर शहाण्या माणसाने 'हो' म्हणून गप्प बसावं. पण शेजारी इतिहासाच्या वर्षाराणी मॅडम उभ्या होत्या. मी छाती काढली आणि म्हणालो, "असंच काय, हेच! याच विमानातून मी पहिल्यांदा एकटा उडालो."

बळ्या, जीभ देवाने स्क्रूने बसवायला हवी होती रे, म्हणजे साठीनंतर काढून डबीत ठेवता आली असती. मॅडमनी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं. आठ ऑक्टोबरला, एअर फोर्स डेला, विमान चौथऱ्यावर चढणार. खाली संगमरवरी पाटी. पाटीवर विमानाची सगळी नोकरी, कुठल्या साली कुठे होतं ते, आणि त्याखाली माझं नाव. फक्त म्हणाल्या, "सर, पुरावा तेवढा द्या."

शेपटीवरचे शेवटचे आकडे ७४६. तू तिथं मेकॅनिक होतास, एकेका विमानाला आंघोळ घातलीयस. हे ७४६ पंचाहत्तर साली आपल्याकडे होतं ना? होतंच असणार. बाकी तुला सगळं माहीतच आहे. तो कानाचा पडदा ऐन वेळी फाटला नसता तर मी आज निदान विंग कमांडर म्हणून निवृत्त झालो असतो. तारापूरच्या कारखान्यात तीस वर्षं ड्रमांवर चिठ्ठ्या चिकटवत बसलो नसतो.

लवकर लिही. रखमावहिनींना नमस्कार. हंसा विचारते, तुम्हाला तिकडे मासळी मिळते का?

तुझा,
संगमरवरात जाऊ घातलेला कमल्या


बिदर,
२९ जुलै २०२४

विंग कमांडर साहेब,

सलाम! पाकीट मिळालं. मासळी इथं मिळते, पन ती कुठल्या सालची हाय ते इचारायचं नसतं. वहिनीला सांग, मुरब्याचा मानूस समुद्रापासून एवडा लांब ऱ्हायला म्हंजे त्याला जल्मठेपच. आता बायकोचं गाव, जाणार कुठं?

तुज्या कामाचं बोलतो. विमानाची खरी कागदपत्रं, त्याची लॉगबुकं, ती सरकारजमा. विमान मोडीत निघालं की ती बी निघतात. पन माज्या वह्या हायत. तुला ठावं नसंल. विमान वर जायच्या आदी मेकॅनिकला कागदावर सई करावी लागते, की मी समदं बगितलं, हे ठीक हाय. सई केली की ते विमान माजं. वर पायलट आन खाली माजा जीव टांगलेला. म्हनून मी रोज घरी वहीत लिवून ठेवायचो, आज कुठल्या नंबरावर सई केली, आत कोन बसलं, किती वेळ. बारा वह्या झाल्या. रखमा दर दिवाळीला रद्दीत काडते, मी परत आत आनतो.

चार दिवस चश्मा लावून बसलो. ७४६ बंगळूरला बनलं छप्पन साली. आदी दुसऱ्या तळावर होतं. त्र्याहत्तरात उतरताना नाक आपटलं आन हँगरच्या कोपऱ्यात पडून ऱ्हायलं. आमच्याकडं आलं ते सत्त्याहत्तरच्या मार्चात. तिथून अठ्ठ्याऐंशीपर्यंत पोरं शिकवली त्यानं. मग मोडीत. स्वभावानं गरीब विमान. उजवीकडं थोडं वडायचं, तेवडंच.

म्हंजे पंचाहत्तरात ते बिदरला नवतंच, कमल्या. तू बसायचास ते ७३८. तुजे चौदा तास माज्या वहीत हायत, त्यातले अकरा ७३८ चे. आन एकट्यानं उडाल्याचं म्हनशील तर तुज्या नावापुडं तसं काय लिवलेलं नाय. माजी वही चुकली असंल. मानूस हाय, लिवायचं ऱ्हातं कदी कदी.

पुडच्या पाकिटाबरोबर सुके बोंबील धाड. मुरब्याला माजी बहीन हिरा हाय, तिच्याकडून घे. बाजारातले नको.

तुजा,
बळवंत


बोईसर,
६ ऑगस्ट २०२४

बळ्या,

तुझी वही चुकलेली नाही. तुलाही ते माहीत आहे आणि मला वाचवायला तू लिहिलंस ते मलाही कळलं. वाचून मी बाल्कनीत गेलो आणि अर्धा तास चिकूच्या कुंडीकडे बघत बसलो. बारा एकर चिकूच्या वाडीत वाढलेला माणूस आता कुंडीतल्या चिकूशी बोलतो. तोही फळ देत नाही.

बरं, झालं ते झालं. एकट्यानं कधी उडालो नाही. पण पुरावा येतोच आहे या माझ्या शब्दावर पाटीचा मजकूर गेला आहे रे कारागिराकडे! "याच विमानातून बोईसरचे सुपुत्र श्री. कमलाकांत राऊत यांनी प्रथम एकल उड्डाण केले." सुपुत्र! सत्तरीला टेकलेला सुपुत्र. आता मागे कसा फिरू? तर एक कर. एका साध्या कागदावर दोन ओळी लिही, की ७४६ पंचाहत्तर साली बिदरला होतं. तुझी सही, तुझा हुद्दा. वर्षाराणी मॅडम बिदरला जाऊन तुझ्या वह्या थोड्याच तपासणार आहेत?

याला लाच म्हण हवं तर, पण सोबत बोंबील धाडले आहेत. स्वतः मुरब्याला जाऊन हिराताईकडून आणले. तिनं मला ओटीवर बसवलं, चहा दिला, आणि तू दोन वर्षांत आला नाहीस म्हणून तुझ्या वाटच्या शिव्या मला दिल्या. भिंतीवर जाळी तरंगती ठेवणारे बोये टांगलेले होते. प्रत्येकावर तुमच्या घराची खूण, दोन तिरप्या रेघा आणि मध्ये टिंब. ताई म्हणाली, "बोया तुटून वाहत वसईला लागला तरी मान्सं खूण बगतात आन परत धाडतात. ज्याचं त्याला." पोस्टात पार्सल दिलं तर तिथल्या बाईंनी नाकाला पदर लावून विचारलं, "आत काय आहे?" मी म्हणालो, "औषध."

आता उन्नतीचं. तिला नोव्हेंबरात मुलाखतीला बोलावलंय. आम्हाला पत्ताच नाही! हंसाला ते पत्र कपाटात, अंथरलेल्या कागदाखाली सापडलं. झालं असं की मागे कॉलेजचं शिबिर जव्हारला होतं. एसटीने घाट चढताना पोरीला दोनदा उलटी, उतरताना तीनदा. मैत्रिणी हसल्या. तेव्हापासून डोक्यात घेतलंय की जिला एसटी झेपत नाही तिला विमान काय झेपणार. मला येऊन विचारलं, "आजोबा, तुम्हाला विमानात कधी मळमळलं होतं?"

मी म्हणालो, "छे! एकदाही नाही."

"मग झालं," म्हणाली आणि गेली.

हंसा स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही गप्प बसला असतात तरी चाललं असतं." ती नेहमीच असं म्हणते म्हणून मी लक्ष दिलं नाही. मला वाटतं, पाटीवर आजोबांचं नाव पाहिलं की पोरीला हुरूप येईल. म्हणून तरी त्या दोन ओळी दे, बळ्या.

तुझा लाजिरवाणा,
कमल्या


बिदर,
२१ ऑगस्ट २०२४

कमल्या,

त्या दोन ओळी मी देनार नाय. राग मानू नको. एकवीस वर्सं सया केल्या, एक बी खोटी केली नाय. एकदा ऑफिसर वरडत होता, लवकर कर, लवकर कर. तरी मी चाकाचा नट परत उगडून बगितला आन मगच सई केली. आता म्हातारपनी संगमरवरासाटी खोटी सई करू?

पन तुजं पार्सल उगडलं, तो वास आला, आन मला दुसरंच आटवलं. ते मी पन्नास वर्सं पोटात ठेवलंय. आज सांगतो, मग तू माज्याशी बोलशील नाय बोलशील.

तुजी परीक्षेची फेरी होती, आटव. आदल्या दिवशी माज्या आयनं मुरब्याहून बोंबील धाडलेले. सकाळीच मी बराकीच्या मागं स्टोवर भाजले. तुला हाक मारली. म्हनालो, वर जायच्या आदी घरचं खाऊन जा, अंगात जोर येतो. आमच्यात तसंच हाय, बोटीवर जानारा मानूस उपाशी जात नाय. तू सात बोंबील खाल्लेस, मी मोजले. आन वर जाऊन तू ओकलास. विमान खाली आलं तवा तुजं तोंड दुदासारकं पांडरं, तुजे इन्स्ट्रक्टर साहेब गप्प. ७३८ धुवायची पाळी माजी. मी खाली वाकलो आन माजे बोंबील वळखले.

चार दिवसांनी तू बॅग भरलीस. कानाचा पडदा म्हनालास. मी बी मग समद्यांना कानाचाच पडदा सांगितला. मुरब्यात सांगितला, चिंचनीला तुज्या आयला सांगितला. ती माऊली म्हनाली, बळवंता, तू व्हतास म्हनून त्याला तिथं घरचं कायतरी मिळालं. मला तिच्याकडं बगवेना. कमल्या, तुला ओकारीपायी काडलं हे मला ठावं होतं. आन ओकारी माज्यापायी. तू डरमावर चिट्ट्या लावल्यास त्या माज्या सात बोंबलांमुळं.

उन्नतीला सांग, यष्टीत बसताना पोटात जड काय नको.

आनकी एक. सत्त्याहत्तरात ७४६ आलं तवा त्याच्या सीटखालचा पत्रा सडलेला. ७३८ तवा मोडीत निगालेलं. आमी एकाचं काडून दुसऱ्याला लावायचो. मी ७३८ चा पत्रा काडला आन ७४६ ला बसवला. तोच पत्रा हे नक्की, कारन त्याच्या उलट्या बाजूला माज्या घरची खूण हाय. गुन्हा होता तो, सापडलो असतो तर नोकरी गेली असती. पन मी ज्या ज्या विमानाला हात लावला त्याच्या पोटात कुठंतरी ती खूण घातली. का ते इचारू नको. बोया वाहत गेला तर परत यावा, तसं असंल. एकामागं एक दोन सीटी हायत, त्यातली म्होरची. चार स्क्रू हायत. उगडून बग. तेवडा पत्रा तरी खरा तुजा. पाटीवर लिवायला कायतरी खरं मिळंल.

बळवंत


बोईसर,
२ सप्टेंबर २०२४

बळ्या, गाढवा,

आधी वाच आणि मग रडायचं तर रड.

परवा शनिवारी मी, उन्नती आणि वर्षाराणी मॅडम सायकल स्टँडमध्ये गेलो. मॅडमच्या हातात वही, उन्नतीच्या हातात स्क्रूड्रायव्हर, माझ्या हातात काहीच नाही, कारण माझे गुडघे धरायलाच मला दोन्ही हात लागतात. एका स्टुलावर चढून मी विमानात डोकं घातलं. डोकं गेलं, खांदे गेले, पोट अडकलं. पंचाहत्तर साली या जागेत मी सहज बसत होतो यावर कोणत्याही इतिहासाच्या बाईंचा विश्वास बसला नसता. शेवटी उन्नती आत उतरली. तीन स्क्रू निघाले, चौथ्याने तेल मागितलं. पत्रा सुटला. तिनं तो उलटा करून उजेडात धरला.

दोन तिरप्या रेघा. मध्ये टिंब.

"आजोबा, हे काय आहे?"

बळ्या, मी त्या पत्र्याकडे बघत राहिलो आणि मला हसू फुटलं. अख्ख्या विमानात माझा म्हणावा असा एकच तुकडा निघाला, तोही मी ज्याच्यावर ओकलो तो! संगमरवरी पाटी हवी होती ना मला? ही घे पाटी. मॅडम घाबरल्या, पाणी आणायला धावल्या. माझं हसू थांबेना, आणि थांबलं तेव्हा गाल ओले होते. मग मी उन्नतीला तिथेच, विमानाच्या चाकाशी बसून, सगळं सांगितलं. आता तुलाही सांगतो.

तुझे बोंबील निर्दोष आहेत. त्या दिवसाच्या आधी मी पाच वेळा ओकलो होतो, पाचही वेळा उपाशीपोटी. पिशवी न्यायचो, रुमाल न्यायचो, एकदा तर टोपीत. तुला कळू दिलं नाही, कारण तू सगळ्या बराकीला सांगत फिरायचास की आमचा कमल्या पायलट होणार. तुझ्या सात बोंबलांनी मला त्या दिवशी नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त टिकवलं. आणि मला कुणी काढलं नाही. ऐकलंस? कुणी काढलं नाही. मीच अर्ज लिहिला, "वैयक्तिक कारणाने". सहाव्यांदा ओकल्यावर साहेब काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं हेच ते, आता हे मला काढणार. त्यांनी काढायच्या आधी आपणच निघावं. कानाचा पडदा शाबूत आहे, अजून. हंसा म्हणते, ऐकू सगळं येतं, ऐकतच नाही.

तू तिकडे पन्नास वर्षं माझं पाप उरावर घेऊन बसलास आणि मी इथे लोकांना कानाचा पडदा दाखवत फिरलो. तुझ्यासारख्या माणसाने माझ्या आईसमोर मान खाली घातली, माझ्यामुळे! लाज वाटते रे.

उन्नती हसली नाही. तिनं एवढंच विचारलं, "काढलं नव्हतं? स्वतःच आलात?"

"हो."

"आणि मला म्हणालात, एकदाही नाही."

ती पत्रा माझ्या मांडीवर ठेवून घरी चालत गेली. दोन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. माझा धर्मेश, तिचा बाप, म्हणतो, तुम्ही खरं बोललात ते एका परीने बरं झालं. दुसरी परी कोणती ते सांगत नाही. मुलाखतीचं पत्र परत कपाटात, अंथरलेल्या कागदाखाली गेलंय. खोटं बोललो तेव्हा पोरीनं स्वतःला नालायक ठरवलं. खरं बोललो तर आता म्हणत असेल, हे तर घराण्यातच आहे. काय करू सांग.

तुझा,
कमल्या


बिदर,
१३ सप्टेंबर २०२४

कमल्या,

मी रडलो. रखमा म्हनाली काय झालं, मी म्हनालो बोंबील सुटले. तिला काय कळलं नाय. मी मग उरलेले दोन भाजले आन खाल्ले. पन्नास वर्सांत पयल्यांदा मला बोंबील ग्वाड लागले.

आता माजं उरलेलं ऐक. तू गेलास त्या सोमवारी तुजे इन्स्ट्रक्टर साहेब हँगरात आले. ७३८ पाशी उबे ऱ्हायले. मला इचारलं, "तुम्हारे गाँव का लड़का कहाँ है?" मी म्हनालो, गेला साहेब. त्यांनी टोपी काडली. म्हनाले, त्याचा हात चांगला होता. ओकतात समदेच. मी सोता अठरा तास ओकलो. आनकी पाच-सहा फेऱ्या केल्या असत्या तर त्याचं पोट बसलं असतं. मी त्याला काय बोललो नाय, कारन मला वाटलं लाजंल.

हे माज्या वहीत हाय, त्या दिवसाच्या पानावर. सोबत पान फाडून धाडतो. वहीचं पान मी कदी फाडलं नाय, हे पयलं.

तुला सांगितलं नाय कारन मला वाटलं, वरून काडलेल्या मान्साला हे सांगून काय, जखमेवर मीठ. मला काय ठावं तू सोताच गेलास. साहेबांना वाटलं तू लाजशील म्हनून ते गप्प, मला वाटलं तुला लागंल म्हनून मी गप्प, तुला वाटलं काडतील म्हनून तू पळालास. तिगं बी येडे.

हे पान उन्नतीच्या हातात दे. तू वाचून दाखवू नको, तू मदे भर घालशील.

बळवंत


बोईसर,
१४ ऑक्टोबर २०२४

बळ्या,

पान उन्नतीला दिलं. काही भर घातली नाही, शपथ. तिनं उभ्याउभ्या वाचलं. मग खुर्चीवर बसून परत वाचलं.

"अठरा तास?" म्हणाली.

"साहेबांनी सांगितलेलं आहे. बळवंत खोटं लिहीत नाही. खोटं बोलायचं खातं माझ्याकडे असतं."

तेव्हा ती हसली. महिन्याभराने हसली रे!

आता समारंभ. आठ तारखेला विमान चौथऱ्यावर चढलं. पत्रा मी स्वतः परत बसवला, म्हणजे उन्नतीने बसवला आणि मी स्क्रू देत गेलो. खूण आतच आहे, तुझी तुला. पाटी नवीन कोरावी लागली. मी म्हणालो माझं नाव काढा. पण वर्षाराणी मॅडमना एकदा पुरावा मिळाला की त्या सोडत नाहीत. तर आता पाटीवर तुझ्या वहीतलं सगळं आहे, बंगळूर, नाक आपटल्याचं साल, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, उजवीकडे ओढतं हेसुद्धा. खाली: "देखभाल: कॉर्पोरल बळवंत तामोरे, मुरबे." आणि त्याखाली, बारीक अक्षरात: "पुढील सीटखालचा पत्रा विमान क्र. ७३८ चा. त्यावर श्री. कमलाकांत राऊत यांनी अकरा तास प्रशिक्षण घेतले." सुपुत्र गळाला.

भाषणाला उभा राहिलो. समोर हजारभर पोरं, पहिल्या रांगेत हंसा, आणि तिच्या शेजारी हिराताई. तिला मी मुरब्याहून रिक्षाने आणवली होती, तुझं नाव वाचायला. मी सांगितलं, अकरा तासांत मी त्या पत्र्यावर काय केलं. प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पोरं इतकी हसली की माईक शिट्टी मारायला लागला. मग मी सांगितलं की मला कुणी काढलं नव्हतं, मीच पळालो, आणि पळायची मुळीच गरज नव्हती. बळ्या, खोटं बोलताना छाती काढावी लागते. त्या दिवशी मी पोट सोडून उभा होतो आणि बरं वाटत होतं. हिराताई पाटीपाशी गेली, तुझ्या नावावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दादाला बोलव बगायला. नाय आला तर मी जाते बिदरला आन कान धरून आनते." तुझे कान तसेही कामाचे नाहीत, तेव्हा ये.

खरी बातमी शेवटी. मुलाखत नोव्हेंबरच्या शेवटी आहे. पत्र कपाटातून निघून फ्रिजवर चुंबकाने लागलंय. आणि काल, रविवारी, सकाळी सातच्या जव्हार गाडीने उन्नती निघाली. मुद्दाम शेवटच्या सीटवर, चाकाच्या मागे, जिथं सगळ्यात जास्त हलतं तिथं. तिच्या शेजारी मी. दोघांच्या हातात पिशव्या. धर्मेश म्हणाला, बाबा, तुम्ही कशाला? मी म्हणालो, माझी एक फेरी राहिलीय.

घाट चढताना तिला दोनदा उलटी झाली, मला तीनदा. जव्हारला स्टँडवर लिंबू सरबत घेतलं आणि लगेच परतीची गाडी धरली. कंडक्टर तोच होता. त्याने विचारलं, "आजोबा, जव्हारला कोण असतं तुमचं?"

मी म्हणालो, "कुणी नाही. ओकायला आलो होतो."

उतरताना तिला एकदाच झाली. मला पुन्हा तीनदा, पण सत्तरीच्या पोटाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. बोईसरला उतरलो. उन्नतीने माझा दंड धरला आणि विचारलं, "आजोबा, पुढच्या रविवारी?"

मी हो म्हणालो. साहेबांनी पाच-सहा फेऱ्या सांगितल्या होत्या. एक झाली.

तुझा,
कमल्या